ओंडक्यावरची झुंज: लॉग रोलिंगची पार्श्वभूमी

पाण्यावर तरंगणाऱ्या एकाच ओंडक्यावर दोघे उभे राहतात, पायांनी तो फिरवतात, थांबवतात, उलटा फिरवतात. आधी पाण्यात पडेल तो हरला. अमेरिकेत याला लॉग रोलिंग किंवा बर्लिंग म्हणतात. या खेळाचे बूट आणि त्याची कसब थेट नदीवरच्या मजुरीतून आली आहे, त्यामुळे सुरुवात त्या मजुरीपासून करायला हवी.

एकोणिसाव्या शतकात मेन, मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या राज्यांत पांढऱ्या पाइनची प्रचंड तोड चालली होती. झाडं हिवाळ्यात पाडायची, बर्फाच्या रस्त्यांवरून घसरगाड्यांनी नदीकाठी आणायची, प्रत्येक ओंडक्याच्या टोकावर हातोड्याने मालकाची खूण ठोकायची आणि बर्फ वितळून पाणी वाढलं की नदीत सोडायची. पाणी कमी पडू नये म्हणून वरच्या अंगाला लाकडी बंधारे बांधून त्यांची दारं वेळ पाहून उघडत. हे सगळं मुख्यतः पाइनमुळेच शक्य झालं. तो हलका असल्याने आठवडेच्या आठवडे तरंगतो. ओक किंवा मेपलचे ओल्या लाकडाचे ओंडके वाटेतच तळाला जातात.

ओंडक्यांबरोबर माणसांच्या टोळ्या चालत. पुढची टोळी कोंडी होऊ देत नसे, मागची काठावर अडकलेला माल परत प्रवाहात ढकलत येई. एक ओंडका खडकात आडवा अडकला की मागचे त्यावर चढत जात. 1886 साली सेंट क्रॉय नदीवर टेलर्स फॉल्सजवळ अशी कोंडी झाली, तेव्हा सुमारे 15 कोटी बोर्ड फूट (एक बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी) लाकूड अडकलं होतं. अशा ढिगात अडकवणारा नेमका ओंडका शोधून सोडवायचा, आणि ढीग सुटताक्षणी त्यावरून पळत काठ गाठायचा. पाणी नुकतंच वितळलेलं, गोठायच्या बेतात. पाय घसरला तर फिरत्या ओंडक्यांखाली सापडण्याची भीती.

म्हणून तळव्यांना पोलादी खिळे असलेले बूट आले. हातात लांब टोकदार काठी असे, किंवा पीव्ही, म्हणजे ओंडका फिरवायचा आकडा लावलेला दांडा. मेनमधल्या स्टिलवॉटरच्या जोसेफ पीव्ही या लोहाराने 1850च्या दशकाच्या अखेरीस हे अवजार सुधारलं. जुन्या दांड्यावरचा आकडा सैल असे, आजूबाजूला डोले आणि ऐनवेळी लाकडावर बसत नसे. पीव्हीने तो फक्त वर-खाली हलेल असा जखडला आणि दांड्याच्या टोकाला अणकुचीदार सळई दिली.

कामात ओंडका स्थिर ठेवणं महत्त्वाचं होतं. तोच मुद्दाम फिरवून सोबत्याला पाडायची चढाओढ मजुरांत सुरू झाली आणि खेळ जन्मला. 1898 साली ओमाहाच्या प्रदर्शनात त्याची जाहीर स्पर्धा झाली. ती विस्कॉन्सिनमधल्या ओ क्लेअरच्या टॉमी फ्लेमिंगने जिंकली. तोवर पाइनची जंगलं संपत आली होती आणि रेल्वे जंगलात शिरली होती, त्यामुळे नदीतून ओंडके सोडणं कमी होत गेलं. मेनमध्ये मात्र केनेबेक नदीवर 1976 पर्यंत लाकूड वाहत होतं. 1960 साली टोनी वाइज यांनी विस्कॉन्सिनमधल्या हेवर्ड इथे लाकूडतोड्यांची जागतिक स्पर्धा सुरू केली. तिची जागा म्हणजे पूर्वी गिरणीचे ओंडके साठवायचा तलाव.

स्पर्धेचा ओंडका बहुधा वेस्टर्न रेड सीडरचा, लेथवर कातून सर्वत्र सारख्या जाडीचा केलेला असतो. लांबी सुमारे 12 फूट, व्यास 15 इंचांपासून खाली. ठरलेल्या वेळेत कोणी पडलं नाही तर एक इंच बारीक ओंडका आणतात. इथेच खरी कसोटी लागते. 12 इंची ओंडका पूर्ण बुडाला तरी साधारण 267 लिटरच पाणी बाजूला सारतो. दोन माणसं आणि लाकूड मिळून वजन त्याच्या आसपास जातं. ओंडका पाण्याखाली दबतो, आणि बारीक असल्यामुळे छोट्या धक्क्यानेही एकदम वेग घेतो.

मधली रेघ ओलांडायची नाही, प्रतिस्पर्ध्याला शिवायचं नाही. त्याच्या डोळ्यांत पायाने पाणी उडवलेलं चालतं. पाचपैकी तीन डाव जिंकणारा विजयी. नवखा हमखास पडतो तो स्वतःच्या पायांकडे बघितल्यामुळे. मान खाली गेली की वजन पुढे जातं आणि ओंडका त्याच बाजूला फिरतो. नजर समोरच्याच्या पायांवर हवी, कारण वेग तिथे आधी बदलतो. गुडघे वाकलेले, पावलं छोटी आणि अखंड चालू. पाय थांबले की संपलंच.

लाकडी ओंडका जड, वाहून न्यायला अवघड, आणि खिळ्यांचे बूट तरणतलावात चालत नाहीत. त्यामुळे शिकवताना ओंडक्यावर गालिचा चढवून साध्या बुटांनी सराव देतात. 2012 मध्ये ॲबी होशलर यांनी की लॉग ही कंपनी काढून प्लास्टिकचा ओंडका आणला: रिकामा सुमारे 30 किलो, पाणी भरल्यावर 200 किलोंच्या वर. त्याला वेग रोखणाऱ्या पट्ट्या लावता येतात. तोल साधेल तशा त्या काढत जायच्या.