मुरघास आणि युरिया लावलेला पेंढा: झाकण सारखं, आतलं काम उलटं

दोन्हींत चारा थरावर थर दाबायचा, वर प्लास्टिक ओढायचं, कडा मातीने बंद करायच्या आणि काही आठवडे हात लावायचा नाही. त्यामुळे नाशिक जिल्ह्यात निफाड-येवल्याकडचा मक्याचा मुरघास (हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा) आणि इगतपुरी-पेठकडचा युरिया लावलेला भाताचा पेंढा ही एकाच कामाची दोन नावं वाटतात. मग कोणी हिरव्या कुट्टीवर पेंढ्याच्या हिशेबाने युरिया ओततं, तर कोणी वाळलेल्या काडाच्या बॅगा भरून मुरघास होण्याची वाट बघत बसतं. पहिल्यात माल सडतो, दुसऱ्यात काड तसंच कोरडं निघतं.

मुरघासात आंबट बनतं. हिरव्या मक्यातली साखर खाऊन जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, सामू (आंबटपणाचं माप, पीएच) ४ च्या आसपास उतरतो आणि चारा टिकतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: साखर, ६५ ते ७० टक्के ओल आणि हवेचा अभाव. पेंढ्यात साखरही नसते, ओलही नसते. तिथे युरियापासून अमोनिया सुटतो, तो काडीतला कडक भाग सैल करतो आणि थोडं नत्रही चाऱ्यात राहतं. साध्या पेंढ्यात प्रथिनं ३-४ टक्के असतात, ती ७-८ टक्क्यांपर्यंत जातात. आता हिरव्या मक्यात हाच युरिया जास्त पडला, तर अमोनिया तयार होणारं आम्ल मारतो. सामू खाली येत नाही आणि माल सडतो. मुरघासात काही जण टनाला ५ किलोपर्यंत युरिया टाकतात, ते फक्त प्रथिनं वाढवायला. तो नाही टाकला तरी काही अडत नाही. गूळ-मिठाचंही तेच. दाणे भरलेल्या मक्याला त्याची गरज फारशी नसते.

मुरघासाचा मका दाणा दुधातून पिठाकडे वळताना कापायचा. कुट्टी १ ते २ सेंटीमीटर. मूठभर कुट्टी घट्ट दाबून सोडली की गोळा हळूहळू सुटला पाहिजे. बोटांमधून पाणी गळलं तर मका अजून कोवळा आहे, गोळा लगेच विस्कटला तर वाळायला लागला आहे. कोवळ्या मक्याच्या मुरघासाला पुढे कुजकट वास येतो, वाळलेल्यात दाबूनही हवा राहते आणि पांढरी बुरशी धरते. ट्रॅक्टरने तुडवायला कंटाळा केला की सगळी मेहनत त्या एका ठिकाणी वाया जाते. ४५ दिवसांनी उघडायचा आणि समोरचा भाग रोज निदान अर्धा फूट काढायचा. काळा किंवा बुरशी धरलेला भाग उकिरड्यावर टाका, गव्हाणीत नको.

पेंढ्याचं काम साधं आहे, पण मोजमाप काटेकोर लागतं. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया आणि ५० लिटर पाणी. सगळं एकदम ओतू नका. पाच थर करा: २० किलो पेंढा, त्यावर १० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवलेला ८०० ग्रॅम युरिया झारीने शिंपडायचा, पायाने दाबायचं, मग पुढचा थर. दाणे न विरघळता पडले तर त्या जागी युरियाचा साठा राहतो आणि नेमका तोच घास एखाद्या जनावराच्या वाट्याला येतो. २१ दिवस झाकून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा गारठा लक्षात घेऊन आणखी एक आठवडा द्या, थंडीत अमोनियाचं काम मंद चालतं. तयार पेंढा पिवळट-तपकिरी आणि मऊ लागतो. पांढऱ्या-काळ्या बुरशीचे पट्टे असतील तर तिथे द्रावण पोचलं नव्हतं.

खाऊ घालताना सगळ्यात मोठा फरक दिसतो आणि चूकही इथेच होते. मुरघासात ऊर्जा भरपूर, प्रथिनं बेताची. पेंढ्यात नत्र आलेलं असतं, ऊर्जा मात्र तुटपुंजी. म्हणून सोबतचा खुराक उलटा लागतो. राज्यात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी असल्याने मांसासाठी पोसायचं जनावर म्हणजे म्हशीचा रेडा. २५० किलोच्या रेड्याला साधारण ६ किलो कोरडा भाग (चाऱ्यातलं पाणी वगळून उरतो तो) रोज पोटात जायला हवा. मुरघासावर ठेवलात तर १० किलो मुरघास (त्यात ३ किलो कोरडा भाग), २ किलो वाळलेला कडबा, १ किलो सरकी पेंड आणि अर्धा किलो भरडा. पेंढ्यावर ठेवलात तर ५ किलो ओला, प्रक्रिया केलेला पेंढा (तोही ३ किलो कोरडा भाग), ८ किलो हिरवा चारा, दीड किलो मक्याचा भरडा आणि पेंड अर्ध्या किलोवर आणायची. खनिज मिश्रण ३०-५० ग्रॅम दोन्हीकडे. कामासाठी वाढवायच्या डांगी जातीच्या गोऱ्ह्यांनाही हाच हिशेब वजनाप्रमाणे लावता येतो.

प्रक्रिया केलेला पेंढा ढिगातून काढला की तासभर पसरून ठेवा, डोळ्याला झोंबणारा वास कमी होईपर्यंत. पहिल्या दिवशी १ किलो, मग आठ-दहा दिवसांत पूर्ण मात्रा. सहा महिन्यांखालच्या वासराला-रेडकाला अजिबात नको, त्यांचं पोट अजून तयार नसतं. युरिया-मळीची वीट आधीच चाटायला बांधली असेल तर ती काढून टाका. कच्चं सोयाबीनही सोबत देऊ नका, त्यामुळे युरियाचा अमोनिया फार वेगाने सुटतो.

एक गैरसमज मात्र आजही धोकादायक आहे: झाकून ठेवायला वेळ नाही म्हणून युरियाचं पाणी गव्हाणीतल्या कडब्यावर तिथल्या तिथे शिंपडणं. काडी तर मऊ होत नाहीच, उलट जनावर विषबाधेत जातं. लाळ गळते, अंग थरथरतं, पोट फुगतं, श्वास जोरात चालतो आणि हे अर्ध्या-एक तासात दिसू शकतं. अशा वेळी पशुवैद्यकाला लगेच फोन करा. व्हिनेगर आणि गार पाणी हाताशी असू द्या, पण किती आणि कसं पाजायचं ते त्यांना विचारूनच. द्रावणाचा ड्रम आणि रिकामी झारी दावणीपासून लांब ठेवा, तहानलेलं जनावर तिथे पहिलं तोंड घालतं.