विद्यार्थी संशोधन : आरोग्य, मानसशास्त्र व समाजकार्य (बेळगाव सीमाभाग)

वैद्यक, नर्सिंग, मानसशास्त्र आणि समाजकार्य या शाखांचे विद्यार्थी पदवीची अट म्हणून माणसांना विचारून, तपासून किंवा त्यांचे निरीक्षण करून जो अभ्यास करतात, त्याला इथे विद्यार्थी संशोधन म्हटले आहे. कॉलेजात त्याला ‘डेझर्टेशन’, ‘थीसिस’ किंवा नुसते ‘प्रोजेक्ट’ म्हणतात. बेळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ४७.८ लाख लोक होते. कन्नड भाषकांची संख्या सर्वांत मोठी, मराठी भाषक सुमारे एक पंचमांश आणि त्यानंतर उर्दू भाषक. प्रश्न कोणत्या भाषेत विचारला यावर उत्तर बदलते आणि उत्तरावर निष्कर्ष उभा असतो. म्हणून सीमाभागातल्या अभ्यासाची पहिली कसोटी भाषेचीच असते.

संस्था. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चे. ते आज केएलई अभिमत विद्यापीठात (२००६) आहे. सरकारी बेळगाव इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस (बिम्स) बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (१९९६) संलग्न आहे, तर सामाजिक शास्त्रांची बहुतेक महाविद्यालये राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे (२०१०) आहेत. या परिसरात मोठे संशोधन झाले आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी तोंडाने घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलची चाचणी बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झाली आणि २००६ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. १,६२० स्त्रियांपैकी निम्म्यांना ६०० मायक्रोग्रॅम औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी नर्सबाईंनी घरी किंवा उपकेंद्रात दिली. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. विद्यार्थ्याने या चाचणीतून घ्यायची गोष्ट मोजमापाची आहे. रक्त अंदाजाने सांगितले गेले नाही, मापाच्या खुणा असलेल्या पिशवीत गोळा करून मोजले गेले.

विषय आणि तालुका. विषय गाईडकडून येतो, पण तो कुठल्या तालुक्यात नेता येईल हे विद्यार्थ्यानेच पाहावे लागते. निपाणीत तंबाखूच्या वखारी आणि घराघरांत विडी वळणाऱ्या बायका आहेत. तिथे पाठदुखी, दमा आणि डोळ्यांचे त्रास यांचा अभ्यास होतो. विडी वळणारीला ‘रोज किती तास काम करता’ असे विचारून काही हाती लागत नाही, कारण स्वयंपाक, मूल आणि विड्या वळायचे सूप एकाच वेळी चालू असते. मजुरी हजारी हिशेबाने मिळते, म्हणून ‘काल किती विड्या वळल्या’ हा प्रश्न नेमका ठरतो. चिकोडी, अथणी, रायबाग या उसाच्या पट्ट्यात गाळप हंगामात तोडणी टोळ्यांच्या मुलांचे लसीकरण हा चांगला विषय आहे, पण टोळी उठली की अभ्यासाला निवडलेली माणसे, म्हणजे नमुनाही उठतो. खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबी, जांबोटीकडची जंगलातली गावे पावसाळ्यात तुटतात. जून ते सप्टेंबरात तिथे पाहणी ठरवणाऱ्याच्या हाती रस्त्यालगतची घरेच लागतात. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराच्या परिसरात देवदासी स्त्रियांवर अभ्यास करायचा असेल, तर कर्नाटकाचा १९८२ चा देवदासी प्रतिबंधक कायदा आधी वाचून जावे. देवीला सोडलेल्या मुलीबद्दल घरातला कोणी बोलला, तर तो गुन्ह्याची माहिती देत असतो.

नमुना. प्रमाण काढायच्या अभ्यासात रूढ सूत्र ४पक/त² असे आहे. ‘प’ म्हणजे आधीच्या अभ्यासातले टक्के, ‘क’ म्हणजे १०० वजा प, आणि ‘त’ म्हणजे चालवून घ्यायची चूक. प ३० आणि त ५ धरल्यास ४×३०×७०÷२५ = ३३६. दहा टक्के लोक नकार देतील असे धरून ३३६ ला ०.९ ने भागायचे, म्हणजे ३७४. गावे समूह म्हणून निवडली, तर एका गावातली माणसे एकमेकांसारखी असल्याने आकडा वाढवावा लागतो. गुणक १.५ धरला तर ३३६ चे ५०४ होतात, म्हणजे ३० गावांत प्रत्येकी १७ घरे. हा गुणक विसरणे ही सिनॉप्सिसमधली, म्हणजे अभ्यासाआधी द्यायच्या आराखड्यातली, नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे त ही प च्या २० टक्के धरायची आणि लिहिताना मात्र ‘५ टक्के चूक’ असे लिहायचे. परीक्षक तेच आधी मोजून पाहतात.

रुग्णालयातला नमुना सीमाभागात विशेष फसवा असतो. बेळगावच्या रुग्णालयांत चंदगड, गडहिंग्लज, सिंधुदुर्ग आणि गोव्यातून रुग्ण येतात. निपाणीचा माणूस कोल्हापूरला जातो, कागवाड-अथणीचा मिरजेला. ओपीडीतून काढलेले प्रमाण ‘बेळगाव जिल्ह्यातले प्रमाण’ म्हणून छापणे चूक आहे. पत्त्यात गाव, तालुका आणि राज्य हे तीन वेगळे रकाने ठेवले तर ही गफलत निदान उघडी दिसते. गरोदर स्त्रियांच्या पाठपुराव्यात आणखी एक अडचण येते. पहिले बाळंतपण माहेरी, आणि माहेर बरेचदा सीमेपलीकडे. गरोदर मातेच्या नोंदीचे कर्नाटकातले तायी कार्ड तिच्याकडे असते, पण प्रसूतीची नोंद महाराष्ट्राच्या दवाखान्यात होते. पहिल्याच भेटीत माहेरचा फोन नंबर आणि गाव लिहून घेतले नाही, तर सातव्या महिन्यानंतर ती यादीतून नाहीशी होते. अशा गळालेल्या स्त्रियांत पहिलटकरणी जास्त असल्याने उरलेला निष्कर्षही वाकडा होतो.

नैतिक समिती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि कायद्याचा जाणकार व सामान्य नागरिकही लागतो. मंजुरीपूर्वी एकही फॉर्म भरून घेता येत नाही आणि मागून मंजुरी मिळत नाही. औषध किंवा उपचार देऊन परिणाम पाहायचा असेल, तर पहिला माणूस घेण्याआधी २००७ मध्ये सुरू झालेल्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री–इंडियावर नोंद करावी लागते. सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाची लेखी सहमती लागते, शिवाय पालकांची संमती. मुख्याध्यापकांनी दिलेले परवानगीपत्र हे वर्गात शिरायचे पत्र आहे, ते पालकांच्या संमतीची जागा घेत नाही. सही येत नसेल तर अंगठा घ्यायचा आणि साक्षीदार संशोधकाच्या गटाबाहेरचा हवा. सोबतच्या मैत्रिणीने साक्षीदार म्हणून केलेली सही चालत नाही.

भाषा. संमतीपत्र कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत लागते हे सगळ्यांना ठाऊक असते. चूक पुढे होते. खानापूर किंवा येळ्ळूरच्या घरात मराठी बोलली जाते, पण ज्या मुलीची शाळा कन्नड माध्यमातून झाली तिला मराठी कागद वाचायला जड जातो. तिच्या सासूला मराठी वाचता येते, कन्नड येत नाही. म्हणून दारात दोन वेगळे प्रश्न विचारावेत : घरात काय बोलता, आणि वाचायला काय सोपे जाते. संमतीपत्र दुसऱ्या उत्तराच्या भाषेत द्यावे आणि मुलाखत पहिल्या उत्तराच्या भाषेत घ्यावी. बेळगाव शहरातल्या मुस्लिम वस्तीत आणि खानापूरच्या कोकणी बोलणाऱ्या गावांत तिसरी, चौथी भाषाही निघते. तिथे त्याच वस्तीतली शिकलेली मुलगी प्रशिक्षण देऊन सोबत घ्यावी.

मानसशास्त्राच्या मोजपट्ट्या बहुधा इंग्रजीत तयार झालेल्या असतात. त्या मराठीत आणायची रीत ठरलेली आहे. दोन जण स्वतंत्रपणे मराठी करतात, त्यातला एक विषयाचा नसलेला बरा. दोन्ही मसुदे जुळवून एक केला जातो. मूळ प्रश्नावली न पाहिलेले दोघे तो परत इंग्रजीत नेतात. मग भाषेचे आणि विषयाचे जाणकार बसून फरक पाहतात आणि शेवटी ३० ते ४० माणसांवर ती वापरून पाहतात. हे करायला महिना-दीड महिना लागतो. सिनॉप्सिसमध्ये मात्र त्यासाठी आठवडा लिहिलेला असतो, म्हणून परत इंग्रजीत नेण्याची पायरी गाळली जाते.

तयार मराठी अनुवाद मिळाला तरी तो बहुधा पुस्तकी मराठीत असतो. ‘निरुत्साही वाटणे’, ‘एकाग्रता न होणे’ हे शब्द जांबोटीच्या ओसरीवर कोणी वापरत नाही. तिथे ‘मन लागत नाही’, ‘जीव घाबरा होतो’, ‘डोकं जड झालंय’, ‘कशातच राम वाटत नाही’ असे म्हणतात. बेळगावच्या बोलीत ‘काय करतोस’ऐवजी ‘काय करूलालास’ ऐकू येते. मुलाखतकाराने ती बोली नक्कल म्हणून बोलू नये, पण ती ऐकून अडखळूही नये. यल्लम्माच्या भक्ताला ‘इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात का’ असे विचारले, तर अंगात येण्याचा अनुभव तो खरेपणाने सांगतो आणि मोजपट्टीवर तो रुग्ण ठरतो. असा प्रश्न ‘वाऱ्याच्या वेळेखेरीज’ (म्हणजे अंगात येण्याची वेळ सोडून) अशी पुस्ती जोडून विचारावा आणि ती पुस्ती पद्धतीच्या प्रकरणात नोंदवावी.

उदासीनतेची (डिप्रेशनची) पीएचक्यू-९ ही प्रश्नावली सर्वांत जास्त वापरली जाते. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७, आणि १० किंवा त्याहून जास्त आल्यास पुढची तपासणी. गेल्या दोन आठवड्यांत ‘निम्म्याहून जास्त दिवस’ की ‘जवळजवळ रोज’, या पर्यायांवर गाडी अडते. कारण दिवसांचा असा हिशेब कोणी ठेवत नाही. चौदा चिंचोके समोर ठेवून ‘यातले किती दिवस’ असे वेगळे काढायला सांगितले की आज्जीसुद्धा नेमके उत्तर देते. दारू पिण्याचे प्रमाण व त्रास मोजणाऱ्या ‘ऑडिट’ नावाच्या प्रश्नावलीत दहा प्रश्न आहेत आणि ८ गुणांपासून धोका धरतात. तिथे ‘एक ड्रिंक’ म्हणजे किती, हे गावातल्या पाकिटाच्या किंवा ग्लासाच्या मापात आधी बसवून घ्यावे लागते.

दारात. आशाताई किंवा अंगणवाडीच्या बाई सोबत असल्या की दार उघडते, पण त्या समोर असताना आशाच्या कामाबद्दलच्या प्रश्नांना सगळे ‘चांगलंय’ म्हणतात. त्यांनी ओळख करून द्यावी आणि पुढच्या घरी जावे. घरातल्या स्त्रीला ‘अक्का’ किंवा ‘मावशी’ म्हणून हाक मारली की संभाषण सरळ चालते. उत्पन्नाचा प्रश्न शेवटी ठेवावा. बीपीएल कार्ड किंवा गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार बंद होतील या भीतीने आकडा कमी सांगितला जातो. उसाचे बिल हप्त्याने येते म्हणून वर्षाचे उत्पन्न विचारून बाराने भागावे. उत्पन्नावरून घराचा वर्ग ठरवणारे बी. जी. प्रसाद वर्गीकरण वापरल्यास त्या महिन्याच्या औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने त्याच्या मर्यादा नव्याने काढाव्यात. मागच्या थीसिसमधला तक्ता जसाच्या तसा उतरवल्यामुळे अख्खी गावे वरच्या वर्गात गेलेली सापडतात. १ नोव्हेंबरला पाहणी ठेवू नये. त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सव असतो आणि सीमाभागातले मराठी लोक काळा दिवस पाळतात. हातात कन्नड फॉर्म असो की मराठी, दार तुमच्याकडे संशयानेच पाहते. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ८६५ सीमागावांना आपली आरोग्य विमा योजना लागू करायचे ठरवल्यापासून ‘कोणत्या योजनेतून उपचार घेतले’ हा साधा प्रश्नही राजकीय वाटू लागला आहे. तो विचारायचाच असेल तर योजनेचे नाव न घेता ‘पैसे कोणी भरले’ असे विचारावे.

संकट. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न जीव देण्याच्या विचाराबद्दल आहे. शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले की त्याच बैठकीत पुढची पावले उचलायची असतात : माणसाला एकटे सोडू नये, त्याच्या परवानगीने घरातल्या एकाला सांगावे, गाईडला फोन करावा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा चोवीस तासांचा नंबर द्यावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांची वेळ ठरवावी. गंभीर रुग्णासाठी धारवाडचे डिम्हान्स हे मानसिक आरोग्याचे रुग्णालय आहे. हा आराखडा पाहणीआधी लिहिलेला नसेल, तर समितीने तो अभ्यास थांबवावा. मुलांच्या अभ्यासात लैंगिक अत्याचार कळला, तर मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे तो कळवणे सक्तीचे आहे. म्हणून माहितीपत्रात ‘सर्व माहिती गुप्त राहील’ असे सरसकट लिहू नये, ही मर्यादा स्पष्ट सांगावी. घरातल्या हिंसेबद्दल विचारताना एका घरातून एकच स्त्री निवडतात. सासू आत आली तर मुलाखतकाराने बाळाच्या लसीचे प्रश्न चालू करायचे असतात.

विश्लेषण. नर्सिंगच्या अभ्यासांत एकाच गटाला आधी चाचणी, मग अर्ध्या-पाऊण तासाचे शिक्षण आणि पुन्हा तीच चाचणी, हा साचा फार दिसतो. गुण जवळजवळ नेहमीच वाढतात, कारण उत्तरे नुकतीच ऐकलेली असतात. तुलनेला दुसऱ्या गावाचा गट घेतला आणि महिन्याने फेरचाचणी केली तरच शिक्षणाचे फळ कळते. मानसशास्त्रात गूगल फॉर्मवर मित्रांकडून भरून घेतलेले नमुने येतात. त्यात इंग्रजी वाचणारी, शहरी आणि विशीतली माणसे भरतात, आणि शीर्षकात मात्र ‘बेळगावातील तरुण’ असते. संगणकात भरलेल्या फॉर्मपैकी दहा टक्के दुसऱ्या माणसाने पुन्हा भरून ताडून पाहावेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहा ते चाळीस टक्के असल्यास लेखन सुधारून पुन्हा द्यावे लागते. सही केलेली संमतीपत्रे प्रश्नावल्यांपासून वेगळ्या कपाटात ठेवावीत आणि नाव-क्रमांकाची यादी गाईडकडे कुलपात असावी. अभ्यास संपल्यावर ही कागदपत्रे किमान तीन वर्षे जपायची असतात. प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यायचा निष्कर्ष एका पानात, कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहून द्यावा. कारण डॉक्टर बदलून जातात, पण नर्सबाई आणि आशाताई त्याच गावात राहतात आणि ते पान त्यांना वाचता आले पाहिजे.