आठ घंटांचा लेहरा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या बैठकांत तबल्याला लेहरा, म्हणजे तबला वाजत असताना पेटीवर पुन्हा पुन्हा वाजणारी एकच ओळ, धरत माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे हातघंटांसाठी नवी रचना बांधायला घेतली, तेव्हा खर्जातल्या घंटांना काय द्यायचं हे आधीच ठरलेलं होतं: आठ सुरांची एकच ओळ, शेवटपर्यंत.

युरोपात याला 'ग्राउंड बास' म्हणतात आणि सतराव्या शतकात त्याला भर आला होता. जर्मन संगीतकार पाखेलबेलच्या प्रसिद्ध 'कॅनन'मध्ये चेलो एकच ओळ अठ्ठावीस वेळा वाजवतो. आपल्या सरगमीत ती सा प ध ग, म सा म प अशी. पंचमावर थांबते, म्हणून सा ची ओढ लागते. प्रत्येक सुराला दोन मात्रा दिल्या की सोळा मात्रांच्या त्रितालाचं आवर्तन पुरं होतं आणि सा बरोबर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतो. हे पहिल्यांदा मोजलं त्या रात्री मला झोप आली नाही.

हातघंटा इंग्लंडच्या. चर्चच्या मनोऱ्यातल्या मोठ्या घंटा क्रम बदलत वाजवायच्या, तर त्याचा सराव खाली घरात बसून करता यावा म्हणून या काशाच्या छोट्या घंटा आल्या. त्यांवर गाणी वाजवणं नंतरचं. 1840च्या दशकात करमणुकीचे खेळ भरवणाऱ्या अमेरिकन बार्नमने इंग्लंडमधल्या लँकेशरचे वादक अमेरिकेत नेले, तेही 'स्विस' म्हणून. 1954मध्ये तिथे वादकांची राष्ट्रीय संघटना झाली.

या वाद्यात एकाच्या हाती सहसा दोनच घंटा असतात. पूर्ण चाल कुणाकडेच नसते, म्हणून लिहून घेतल्याशिवाय पान हलत नाही. इथे मला गायक मौलाबक्ष आठवतात. 1886मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने त्यांनी बडोद्यात गायनशाळा काढली आणि स्वरलेखनाची स्वतःची पद्धत बसवली. सूरसागराकाठी आज विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, तो याच शाळेचा वारसा. त्यांच्या गावात मी लिहायचा कंटाळा कसा करू?

पेटीवर लेहरा माझा एकट्याचा असतो. इथे तो चौघांत वाटलेला आहे, आणि खर्जाच्या घंटेचा नाद लांबतो. पहिल्या तालमीला सा आणि प एकमेकांत मिसळून नुसता गुंजारव झाला. मग लय निम्म्यावर आणली. आता ध वाजतो त्याच क्षणी प ची घंटा शेजारच्याच्या खांद्याला टेकते आणि गप्प होते.