न मागता पासवर्ड बदलण्याचा मेल आला, तर आधी आम्हाला फोन करा

‘ही विनंती तुम्ही केली नसेल, तर या मेलकडे दुर्लक्ष करा.’ आम्ही सांभाळतो ती तुमची वेबसाइट ज्यावर चालते, त्या वर्डप्रेसकडून असा मेल आला की आपण तसंच करतो. एरवी ते चालतंही. २०२५च्या नोव्हेंबरात मात्र हेच दुर्लक्ष महागात पडू शकलं असतं.

वेबसाइटवरून जाणारे ऑर्डरचे, चौकशीचे मेल नीट पोहोचावेत म्हणून ‘पोस्ट एसएमटीपी’ नावाचं प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम, तेव्हा चार लाखांहून जास्त वेबसाइटवर बसवलेलं होतं. गेलेल्या प्रत्येक मेलची प्रत ते लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, ठेवतं. ३.६.० पर्यंतच्या आवृत्त्यांत हा लॉग लॉगिन न करताही वाचता येत होता. मग चोराला काय लागतं? लॉगिनच्या पानावर जाऊन ‘पासवर्ड विसरलात?’वर क्लिक करायचं आणि ॲडमिनचं, म्हणजे वेबसाइटचा पूर्ण ताबा असलेल्या खात्याचं, नाव टाकायचं. मेल जातो तुमच्या इनबॉक्सात, प्रत पडते लॉगमध्ये. तिथली लिंक उघडून नवा पासवर्ड ठेवला की वेबसाइट त्याची. तुमचा जुना पासवर्ड वीस अक्षरी होता की दुकानाच्या नावापुढे १२३, याने काहीच फरक पडत नाही. दुरुस्त आवृत्ती ३.६.१ ही २९ ऑक्टोबरला आली आणि नोव्हेंबर उजाडताच हल्ले सुरू झाले.

‘आमची वेबसाइट एवढीशी, तिच्यात कोणाला रस?’ असं बरेच ग्राहक विचारतात. रस कोणालाच नसतो हो! बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, सरसकट सगळ्यांची दारं ढकलून बघतात.

कधीकधी नुसतं अपडेट पुरत नाही. सप्टेंबर २०२४मध्ये ‘लाइटस्पीड कॅश’ प्लगिनमधला असा दोष उघड झाला, की डीबग लॉग (बिघाड शोधायला ठेवलेली नोंदींची फाइल) चालू असेल तर लॉगिनच्या कुकी, म्हणजे तुम्ही लॉगिन केल्याची ओळखचिठ्ठी, तीसुद्धा त्या फाइलमध्ये लिहिली जात असे. कुकी हाती लागली की पासवर्ड लागतच नाही. ६.५.०.१ मध्ये दुरुस्ती झाली, पण आधीची डीबग डॉट लॉग फाइल सर्व्हरवर पडून असेल तर ती हाताने काढावी लागते. म्हणून असा दोष निघाला की आम्ही बॅकअप घेऊन अपडेट करतो, त्या प्लगिनचे जुने लॉग पुसतो, सगळ्यांना लॉगआउट करतो आणि ॲडमिनच्या यादीत अनोळखी नाव घुसलंय का ते पाहतो. त्या दिवशी तुम्हाला पुन्हा लॉगिन करावं लागलं, तर रागावू नका.

तुमच्याकडून दोनच अपेक्षा. रोजचे फोटो, मजकूर टाकायला ॲडमिनचं नव्हे, एडिटरचं (फक्त मजकूर सांभाळणारं) लॉगिन वापरा. आणि बंद करून ठेवलेली प्लगिन्स डिलीट करायला आम्हाला ‘हो’ म्हणा. बंद केली तरी त्यांच्या फाइल सर्व्हरवरच असतात. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून ठेवलेलं प्लगिन पुढे लागलेलं आम्ही फारसं पाहिलेलं नाही.

तसा मेल आलाच, तर लिंक दाबू नका, मेल पुसूही नका. किती वाजता आला ते बघा आणि त्याच दिवशी फोन करा. होस्टिंगवरचे, म्हणजे वेबसाइट ठेवलेल्या सर्व्हरवरचे, कोण कधी आलं याचे लॉग फार दिवस टिकत नाहीत, आणि आत कोण शिरलं ते त्यातूनच कळतं. आमचा नंबर बिलावर आहे.