पडद्यावरच्या यंत्रमांजरीचे कान

मे महिन्यातल्या एका दुपारी, बाहेर ४५ अंशांचे ऊन आणि घरात कूलरची घरघर चालू असताना, अमळनेरच्या आमच्या घरी सुटीला आलेली भाचरे मोबाइलवर एक अ‍ॅनिमेटेड विज्ञानमालिका पाहत बसली होती. मालिकेतल्या अंतराळनगरीची सर्वांत लाडकी गायिका म्हणजे एक यंत्रमुलगी होती. अंगकाठी माणसाची, डोक्यावर मांजरीचे दोन टोकदार कान, मागे शेपूट आणि कोपर वाकवला की दिसणारे धातूचे सांधे, असे तिचे रूप. धाकट्या भाचीने अहिराणीत विचारले, "मामा, हाई मांजर शे, बाई शे, का मशीन शे?"

ती तिन्ही आहे, हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नव्हते. परस्परांशी काहीही नाते नसलेल्या तीन गोष्टी एका देहात जोडलेल्या असूनही मुले ते पात्र पाहताना क्षणभरही अडखळत नव्हती. इतकेच नव्हे, तर भाषा परकी आणि खालची अक्षरे वाचण्याइतका वेळ नसतानाही ती रुसली आहे, घाबरली आहे की मनातून सुखावली आहे, हे त्यांना तत्काळ कळत होते. हे कसे घडते, याचा शोध घेताना मी पुन्हा पुन्हा तिच्या कानांपाशीच येऊन थांबलो, आणि या लेखात प्रामुख्याने त्या कानांविषयीच लिहिणार आहे.

प्रथम खऱ्या मांजरीकडे पाहू. खान्देशात दादर ज्वारीची कोठी असलेल्या घरात मांजर असणे ही हौस नसून गरज होती, आणि कोठीमागे दबा धरून बसलेली मांजर ज्याने पाहिली आहे त्याला तिचे कान डोळ्यांच्या आधी शिकारीला निघतात हे सांगावे लागत नाही. तिच्या बाह्यकर्णाला हलवणारे स्नायू वीसहून अधिक आहेत आणि प्रत्येक कान ती दुसऱ्याची वाट न पाहता स्वतंत्रपणे सुमारे १८० अंशांत फिरवू शकते. माणसाला साधारण २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, तर मांजरीची वरची मर्यादा सुमारे ८५ किलोहर्ट्झपर्यंत जाते. उंदीर आपसांत ज्या बारीक, आपल्याला मुळीच ऐकू न येणाऱ्या आवाजात बोलतात, तो आवाज या पट्ट्यात येतो. शंकूसारखा कान आवाजाच्या दिशेने वळवला की त्या दिशेचा ध्वनी अधिक गोळा होतो आणि बाकीचा गोंगाट मागे पडतो.

याच कानांना दुसरेही काम असते. कुतूहल वाटले की ते पुढे ताठ होतात, चिडचिड होऊ लागली की बाजूला वळतात, आणि भीती टोकाला गेली की डोक्याला चपटे चिकटतात. भांडणात कान फाटू नयेत म्हणून ते झाकून घेण्याची ही सवय असावी, असे स्पष्टीकरण दिले जाते. मूळ हेतू बचावाचा असला तरी पाहणाऱ्याला त्यातून मनाची अवस्था वाचता येते, आणि चित्रकाराला नेमके हेच हवे असते.

माणसाच्या कानामागेही असे स्नायू आहेत. पुढचा, वरचा आणि मागचा असे तीन स्नायू आपल्या बाह्यकर्णाला जोडलेले आहेत आणि काही लोकांना त्यांच्या साहाय्याने कान किंचित हलवताही येतात. डार्विनने १८७१ साली मानवाच्या उत्पत्तीविषयी लिहिताना त्यांची गणना पूर्वजांकडून आलेल्या निरुपयोगी अवशेषांत केली होती. मात्र २०२० साली जर्मनीतील सारलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी या स्नायूंवर विद्युत-संवेदक लावून पाहिले, तेव्हा माणूस ज्या बाजूच्या आवाजाकडे लक्ष देतो त्या बाजूच्या स्नायूंत सूक्ष्म विद्युत हालचाल वाढते, असे आढळले. ती इतकी क्षीण असते की कान वळलेला डोळ्यांना सहसा दिसत नाही. आपल्या पूर्वजांचे कान फिरणे थांबून कोट्यवधी वर्षे लोटली असावीत, तरीही मेंदू अजून कानाला वळण्याची आज्ञा देतोच आहे, ही कल्पना मला फार हृद्य वाटते. पडद्यावरच्या मुलीचे कान गाण्याच्या पहिल्या सुराला ताठ होतात, तेव्हा आपल्या कानांनी अर्धवट सोडून दिलेले काम ती पूर्ण करत असते.

हालचालीतून मन वाचण्याची आपली सवय किती खोल आहे, हे १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्यांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडून तिकडे फिरत असल्याचा छोटासा चित्रपट लोकांना दाखवला आणि काय दिसले ते विचारले. जवळजवळ सर्वांनी भूमितीच्या आकृत्यांचे वर्णन न करता गुंडगिरी, पाठलाग आणि सुटका यांची गोष्ट सांगितली. डोक्यावरचे दोन कान हेही कागदावर दोन त्रिकोणच असतात.

येथे अ‍ॅनिमेशनच्या कारागिरीतली एक व्यावहारिक बाजू लक्षात घ्यायला हवी. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी सरकतात, पण प्रत्येक चौकटीसाठी नवे चित्र काढणे अतिशय खर्चाचे असल्यामुळे जपानमध्ये १९६३ पासून, म्हणजे चित्रकथाकार ओसामु तेझुका यांनी दूरचित्रवाणीवर साप्ताहिक मालिका सुरू केली तेव्हापासून, एकच चित्र दोन किंवा तीन चौकटी धरून ठेवण्याची काटकसरी पद्धत रुळली. अशा वेळी चेहरा, केस आणि धड स्थिर ठेवून केवळ दोन कान खाली झुकवले, तर अगदी थोड्या रेघांत उदासपणा उमटतो. यंत्रमुलीचा चेहरा तर यंत्राचा असल्यामुळे निर्विकार असला तरी चालतो. भावनेचा सगळा भार कान आणि शेपूट वाहतात.

आता चेहऱ्याविषयी. मोठे डोळे, मोठे डोके, पुढे आलेले कपाळ, इवलेसे नाक आणि हनुवटी ही बाळाची लक्षणे दिसली की माणसाच्या मनात जपण्याची भावना जागी होते, असे प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेंत्झ यांनी १९४३ साली मांडले. मांजरीच्या चेहऱ्यात यांतली बरीच लक्षणे आयतीच असतात आणि चित्रकार त्यांना आणखी वाढवतो. ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते, म्हणून तिच्यावर अधिक थांबत नाही. त्याहून महत्त्वाचा मुद्दा मासाहिरो मोरी यांचा आहे. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकवणाऱ्या मोरी यांनी १९७० साली असे लिहिले की यंत्र जसजसे माणसासारखे दिसू लागते तसतशी त्याच्याविषयीची आपुलकी वाढत जाते, मात्र ते जवळजवळ माणसासारखे झाले आणि काहीतरी थोडेसे चुकले, की आपुलकी एकाएकी कोसळून तिच्या जागी शिसारी येते. आलेखातल्या या घसरणीला त्यांनी दरी म्हटले. नंतरच्या प्रयोगांत ही दरी प्रत्येक वेळी सारखीच सापडली असे नाही, आणि तिचे कारण काय यावर अजून एकमत नाही. परंतु हुबेहूब माणूस घडवण्याच्या मागे न लागता दरीच्या अलीकडच्या सुरक्षित उंचवट्यावर थांबावे, हा मोरी यांचा रचनाकारांना दिलेला सल्ला मला आजही योग्य वाटतो. मांजरीचे कान हा सल्ला पाळण्याचा सोपा मार्ग आहे, कारण ते दिसताक्षणी हा माणूस नव्हे हे पाहणाऱ्याला कळते आणि माणसाशी बारकाईने तुलना करण्याची त्याची वृत्ती तेथेच थांबते.

हाच विचार उलट्या बाजूनेही खरा ठरला आहे. जपानमध्ये ताकानोरी शिबाता या अभियंत्यांनी रुग्णांना आणि वृद्धांना सोबत म्हणून पारो हे यंत्र घडवले. कुत्रा आणि मांजर हे प्राणी लोकांच्या इतके परिचयाचे असतात की यंत्रातली प्रत्येक उणीव लगेच डोळ्यांत भरते. म्हणून त्यांनी फारसा कोणी जवळून न पाहिलेल्या सील या समुद्री प्राण्याच्या पिल्लाचे रूप निवडले. म्हणजे पूर्ण मांजर बनवणेही अवघड आणि पूर्ण माणूस बनवणेही अवघड. दोहोंच्या मधले, कोणीही कधी प्रत्यक्ष न पाहिलेले रूप मात्र तुलनेतून सुटते.

थोड्याशा खुणांवरून चेहरा पाहणे खान्देशाला नवे नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नाक आणि नथ लावली की घरातल्या लहानथोरांना तेथे देवीचे मुख दिसते आणि दुसऱ्या दिवशी विसर्जनाला निघताना बायकांचे डोळे पाणावतात. श्रद्धेचा भाग मी विज्ञानाच्या तराजूत घालत नाही. एवढेच सांगतो की दोन डोळे आणि खाली एक खूण एवढ्यावर चेहरा ओळखणारी मेंदूची यंत्रणा सर्व माणसांत आहे आणि नवजात बाळेही चेहऱ्यासारख्या मांडणीकडे अधिक वेळ पाहतात. मनुष्य आणि प्राणी एकत्र पाहण्याची ओढही जुनीच आहे. जर्मनीतल्या होलेनश्टाइन-श्टाडेल गुहेत १९३९ साली सापडलेली, मॅमथच्या सुळ्यातून कोरलेली सुमारे ३१ सेंटीमीटर उंचीची सिंहमुखी मानवाकृती सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीची मानली जाते. प्राचीन इजिप्तमध्ये बास्तेत देवी मांजरीच्या मुखाची होती, आपल्याकडे नरसिंह आहे, आणि सातपुड्यातल्या काठी या गावच्या होळीत मोरपिसांचा उंच टोप घालून नाचणारे आदिवासी तरुण मी पाहिले आहेत.

मालिकेतली यंत्रमुलगी नुसती मांजरकानी नाही, ती तारका आहे. आणि येथे कल्पना वास्तवाच्या फार जवळ आली आहे. ३१ ऑगस्ट २००७ रोजी जपानमधल्या साप्पोरो येथील क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने हात्सुने मिकू ही 'गायिका' बाजारात आणली. ती वस्तुतः यामाहाच्या व्होकॅलॉइड तंत्रज्ञानावर चालणारी एक संगणकप्रणाली आहे. साकी फुजिता या आवाज-कलाकार स्त्रीच्या आवाजाचे छोटे छोटे तुकडे तिच्यात साठवलेले असून, कोणीही शब्द आणि सूर लिहून दिले की ते तुकडे जोडून गाणे तयार होते. तिच्या कार्यक्रमांत वादक खरे असतात आणि मिकू सहसा पारदर्शक पडद्यावर प्रक्षेपित केलेली असते. चित्रातला काळा भाग म्हणजे प्रकाशाचा अभाव, त्यामुळे तेवढा पडदा काचेसारखा आरपार दिसत राहतो आणि आकृती मंचावर उभी असल्याचा भास होतो.

अशा तारकेवर लोक माया का करतात, याचे उत्तर तिच्याही आधीचे आहे. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या संशोधकांनी दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांविषयी लिहिताना एकतर्फी ओळखीची कल्पना मांडली: पडद्यावरची व्यक्ती आपल्याला ओळखत नसते, पण रोज समोर येऊन आपल्याशी बोलल्यासारखे करते आणि हळूहळू आपल्याला ती घरची वाटू लागते. प्रेक्षकाच्या बाजूने पाहिले तर समोरची व्यक्ती हाडामांसाची आहे की रेखाटलेली, याने त्या नात्याची घडण फारशी बदलत नाही.

तिचे कान प्रत्यक्षात आणता येतील का, हा थोरल्या भाच्याचा प्रश्न होता. निम्मे उत्तर आधीच अस्तित्वात आहे. जपानमधल्या न्यूरोवेअर या गटाने २०११ साली कपाळावरच्या संवेदकाने मेंदूतल्या विद्युतलहरी टिपून, लक्ष एकाग्र झाले की ताठ होणारे आणि मन सैलावले की झुकणारे मांजरीचे कान तयार केले होते. पण ते कान केवळ दाखवणारे होते, ऐकणारे नव्हते. ऐकणाऱ्या कानांसाठी प्रत्येकात एक मायक्रोफोन आणि तो फिरवणारी सर्वोमोटर, म्हणजे हवी तेवढीच वळणारी छोटी मोटर, हवी, आणि त्या मोटरची घरघर स्वतःच्याच मायक्रोफोनमध्ये शिरते ही यंत्रमानवांच्या श्रवणातली जुनी, चिवट अडचण आहे.

दिशा ओळखण्याचे गणित मात्र सुंदर आहे. दोन कानांत १५ सेंटीमीटरचे अंतर धरले, तर अगदी बाजूने आलेला आवाज एका कानापेक्षा दुसऱ्याला सुमारे ०.४४ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि या फरकावरून कोन काढता येतो. आता आमच्या हवामानाचा हिशेब पाहा. २० अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. ४५ अंशांना तो सुमारे ३५८ होतो आणि डिसेंबरमधल्या ८ अंशांच्या पहाटे सुमारे ३३६ वर येतो. ३४३ हा आकडा गृहीत धरून बनवलेली यंत्रमुलगी मे महिन्यात खान्देशात आणली, तर समोरच्या दिशेपासून ६० अंशांच्या कोनातून मारलेली हाक तिला ५६ अंशांच्या कोनातून आल्यासारखी वाटेल, आणि हाक मारणारा दहा मीटर दूर असेल तर ती त्याच्यापासून दोन फुटांहून अधिक बाजूला पाहील. तिला तापमानाचा संवेदक द्यावाच लागेल.

आणखी एक गोष्ट आम्ही संध्याकाळी ओट्यावर करून पाहिली. भाचीला डोळे मिटून बसवले आणि बाकीच्यांनी निरनिराळ्या बाजूंनी एकेक टिचकी वाजवली. डावी-उजवी बाजू तिने प्रत्येक वेळी बरोबर सांगितली, पण नेमक्या समोरची आणि नेमक्या पाठीमागची टिचकी ओळखताना ती गोंधळली, कारण या दोन्ही वेळी आवाज दोन्ही कानांत एकदमच पोहोचतो. मग तिने कोणी न सांगता मान थोडी वळवली आणि तिला उत्तर सापडले. त्याच वेळी पायरीवर आमची मनी बसली होती. पाठीमागे टिचकी वाजली तेव्हा तिने मान हलवली नाही; एक कान तेवढा मागे फिरवला, आणि दुसरा समोरच्या कण्हेरीच्या झुडपाकडेच लावून ठेवला.