जिंजरब्रेड आणि लेबकूखन: मसाला जवळचा, पीठ लांबचं

डिसेंबर जवळ आला की भारतातून इथे जर्मनीत मैत्रिणींचे निरोप यायला लागतात. "तू न्युर्नबर्गच्या शेजारी राहतेस, तिथल्या जिंजरब्रेडची कृती पाठव ना. मुलांना घेऊन आयसिंग करायचंय." दर वर्षी मी उलट विचारते, तुला नक्की काय करायचंय? मुलांना माणसं, तारे, घरं कापायला द्यायची असतील तर जिंजरब्रेड कर. न्युर्नबर्गचा पदार्थ करायचा असेल तर तो लेबकूखन, आणि त्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या प्रकाराला लाटणं लागतच नाही.

घोळ भाषांतरातून झालाय. इंग्रजीत लेबकूखनला सरसकट 'जर्मन जिंजरब्रेड' म्हणतात आणि तेच नाव घेऊन कृत्या फिरतात. इथे आल्यावर पहिल्या नाताळाला मीही तशाच एका कृतीवर विसंबले. बदामाची पूड, हेझलनटची पूड, अंडी, साखर, मसाला असं सगळं कालवलं आणि लाटायला घेतलं, तर मिश्रण पोळपाटाला चिकटून बसलं. मग मूठमूठ मैदा घालत गेले. शेवटी लाटता आलं, माणसंही कापली गेली, पण ओव्हनमधून बाहेर आले ते कोरडे, दगडासारखे तुकडे. वरच्या मजल्यावरच्या आजींनी एक तुकडा चाखला आणि विचारलं, यात पीठ कशाला घातलंत? तेव्हापासून या दोघांतला फरक सांगताना मी सुरुवात पिठापासूनच करते.

आधी जिंजरब्रेड. हे इंग्लंडचं आणि तिथून अमेरिकेत गेलेलं घराणं. नावातला 'ब्रेड' हा ऐकण्यातल्या गफलतीतून आला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'जिंजिब्राटुम' म्हणजे साखरेत किंवा मधात टिकवलेलं आलं, म्हणजे जवळजवळ आपला आलेपाकच. फ्रेंचमधून तो शब्द इंग्रजीत पोचला तेव्हा शेवटचा तुकडा लोकांना 'ब्रेड'सारखा ऐकू आला, आणि पुढे पदार्थही नावामागे गेला. सुरुवातीच्या इंग्रजी कृत्यांत पावाचा चुरा मधात आणि मसाल्यात शिजवून थापलेला असे. खुद्द 'जिंजर' हा शब्दही आपल्याकडून गेलेला: संस्कृतातलं शृंगवेर, पालीतलं सिंगिवेर, ग्रीकांचं झिंगिबेरिस. माणसाच्या आकाराचं जिंजरब्रेड राणी पहिल्या एलिझाबेथच्या दरबारात पाहुण्यांसारखं घडवून त्यांनाच भेट दिलं जाई, असं सांगतात.

आजचं जिंजरब्रेड म्हणजे मैदा, लोणी, ब्राउन शुगर, मोलॅसिस, अंडं, खायचा सोडा आणि भरपूर सुंठ. ताजं आलं नको, सुंठच हवी. ताज्या आल्याचं पाणी पीठ सैल करतं, आणि सुंठेचा घशाशी रेंगाळणारा तिखटपणा त्यात नसतो. माझं प्रमाण असं: ३५० ग्रॅम मैदा, ११० ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम ब्राउन शुगर, १५० ग्रॅम मोलॅसिस, एक अंडं, अर्धा चमचा सोडा, दोन चमचे सुंठ पूड, दोन चमचे दालचिनी, पाव चमचा लवंग पूड, चिमूटभर मीठ. चमचा म्हणजे चहाचा. पीठ मळून किमान दोन तास फ्रीजमध्ये ठेवायचं. आपल्याकडच्या उकाड्यात तर लाटून, आकार कापून पुन्हा दहा मिनिटं गार करायचे, नाहीतर लोणी वितळून माणसाचे हातपाय पसरतात. जाडी शंकरपाळ्यांएवढी, साधारण पाच मिलिमीटर. १७५ अंशांवर नऊ-दहा मिनिटं. कडा किंचित गडद दिसल्या की काढायचे. मधला भाग तेव्हा मऊ लागतो, पण गार झाल्यावर घट्ट होतो.

मोलॅसिसबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण भारतातून सर्वांत जास्त प्रश्न त्यावरच येतात. मोलॅसिस म्हणजे मळी. उसाच्या रसातून साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर मागे उरतो तो काळपट, किंचित कडवट पाक. परदेशात खाण्यासाठी शुद्ध केलेली मळी बाटलीत मिळते. आपल्या कारखान्यांची मळी मद्यार्काकडे जाते, ती स्वयंपाकघरात आणू नये. काकवी वेगळी. तिच्यातून साखर काढलेलीच नसते. गुळाच्या काहिलीत रस आटत असताना गूळ होण्याआधीच ती उतरवून घेतात. म्हणून ती जास्त गोड, रंगाने उजळ आणि कडवटपणाशिवाय. काकवी घालून जिंजरब्रेड छान होतं, मी कोल्हापूरला माहेरी तसंच करते. फक्त साखर १०० ऐवजी ७० ग्रॅम घ्यायची आणि अमेरिकन फोटोंतल्यासारखा गडद रंग येईल अशी अपेक्षा ठेवायची नाही.

आता लेबकूखन. हा शब्द एका कुटुंबाचं नाव आहे आणि त्या कुटुंबात निदान दोन स्वभाव आहेत. एक पिठाचा, मधात भिजवलेला, तपकिरी. दुसरा ओब्लाटनवरचा. ओब्लाटन म्हणजे पिठाची कागदासारखी पातळ, पांढरी, गोल चकती, चर्चमधल्या प्रसादाच्या चकतीची बहीण. मठांतल्या भिक्षूंनी चिकट मिश्रण या चकत्यांवर थापून भाजायला सुरुवात केली, कारण त्याने ते कशालाच चिकटत नाही. चकती पदार्थासकट खायची असते.

न्युर्नबर्गलाच हे का बहरलं याचं उत्तर त्या शहराभोवतीच्या जंगलात आणि रस्त्यांत आहे. जंगलात मधमाश्या पाळणारे त्साइडलर होते, सम्राटाकडून हक्क मिळालेले, त्यामुळे मध जवळच होता. व्हेनिसकडून येणारे मसाले ज्या वाटांनी उत्तरेला जात, त्या वाटा या शहरात एकत्र येत. वेलदोडे, मिरी, दालचिनी, सुंठ मलबार आणि सिंहलच्या किनाऱ्यावरून निघून हजारो कोस लांब इथे पोचत. युरोपात दूरदेशच्या कुठल्याही मसाल्याला 'मिरी' म्हणायची पद्धत होती, म्हणून जर्मनीच्या पूर्वेकडे याच घराण्यातल्या पदार्थाला फेफरकूखन म्हणतात, म्हणजे मिरीचा केक, त्यात मिरी नसली तरी. १४८७ साली सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकने न्युर्नबर्गच्या सुमारे ४००० मुलांना बोलावून स्वतःची छबी उमटवलेले लेबकूखन वाटले. पेढ्यावर ठसा उठवतात ना, तसाच लाकडी साचा. १६४३ मध्ये इथल्या लेबकूखन करणाऱ्यांचा स्वतंत्र संघ झाला. आणि १९९६ पासून 'न्युर्नबर्गचे लेबकूखन' हे नाव युरोपात भौगोलिक मानांकनाने राखलेलं आहे. शहराच्या हद्दीत भाजलेल्यालाच ते लावता येतं.

त्यातला राजा एलीझनलेबकूखन. एका कारागिराच्या आजारी मुलीसाठी, एलीझेसाठी, बापाने पीठ टाळून केवळ सुक्यामेव्याचं आणि मसाल्याचं लेबकूखन केलं अशी दंतकथा आहे. दंतकथा खरी असो नसो, नियम पक्का आहे: बदाम, हेझलनट किंवा अक्रोड निदान २५ टक्के, आणि पीठ फार तर १० टक्के. चांगल्या घरी पीठ शून्य असतं. घरी करायचं तर चार अंडी २०० ग्रॅम साखरेबरोबर फेसायची, त्यात ४०० ग्रॅम बदाम-हेझलनटची पूड, पाकात मुरवलेली संत्र्याची आणि महाळुंगाची साल मिळून २०० ग्रॅम बारीक चिरून, किसलेली लिंबाची साल आणि मसाला. मिश्रण लाडू वळण्याआधीच्या सैल सारणासारखं दिसतं. ते ओब्लाटनवर मध्ये उंच, कडेला उतरतं असं थापायचं, रात्रभर उघडं ठेवून वरून सुकू द्यायचं आणि १५० अंशांवर वीसेक मिनिटं भाजायचं. बाहेर पातळ पापुद्रा, आत ओलसर. ओब्लाटन मिळाले नाहीत तर बटर पेपरवर थापावं, चव तीच राहते.

मसाल्याकडे बघितलं की दोघांतलं अंतर सगळ्यात स्पष्ट होतं. जिंजरब्रेडमधून सुंठ काढली तर ते जिंजरब्रेड राहत नाही. लेबकूखनच्या मसाल्यात दालचिनी आणि लवंग पुढे असतात, मागे वेलदोडा, जायफळ, जायपत्री, चक्रीफूल, आणि आपल्याला नवल वाटेल असे धने. सुंठ असली तर चवीपुरती, कित्येक घरी नसतेच. गोड पदार्थात धने ही कल्पना मला पहिल्यांदा अजिबात पटली नव्हती. नंतर एकदा मसाला ताजा भाजून कुटला आणि धन्यांचा लिंबासारखा वास संत्र्याच्या सालीत मिसळला, तेव्हा ते का लागतात हे नाकाला कळलं.

खरी गल्लत मात्र पिठाच्या तपकिरी लेबकूखनमुळे होते. तो लाटतात, कापतात, त्याची घरं बांधतात, जत्रेत गळ्यात अडकवायची मोठी हृदयंही त्याचीच असतात, वर पांढऱ्या आयसिंगने प्रेमाचे शब्द लिहिलेली. दिसायला थेट जिंजरब्रेडच. पण त्यात लोणी नसतं किंवा नावापुरतं असतं. पीठ मधात मळलेलं असतं. लोण्याने खुसखुशीतपणा येतो, मधाने येत नाही. म्हणून तो ओव्हनमधून कडक निघतो आणि मध हवेतला ओलावा ओढून घेतो तसा काही दिवसांनी मऊ पडत जातो. फुगवायलाही सोडा घालत नाहीत. पोटाश (म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट) आणि अमोनियम कार्बोनेट घालतात. पोटाश पिठाला आडवं पसरवतं, अमोनियम वर उचलतं. अमोनियमचा उग्र वास भाजताना उडून जातो, पण कच्चं पीठ मुलांना चाखू द्यायचं नाही. जुन्या पद्धतीत हे मधाचं पीठ कित्येक आठवडे मुरत ठेवतात.

सजावट हा जिंजरब्रेडचा प्रांत. रॉयल आयसिंगसाठी एका अंड्याच्या पांढऱ्यात २२५ ते २५० ग्रॅम आयसिंग शुगर आणि लिंबाचे चार थेंब. कच्चं अंडं नको असेल तर मरँग पावडर, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याची वाळवलेली पूड. दोन प्रकारचं करायचं: रेघेसाठी घट्ट, भरण्यासाठी सैल. सैलमधून चमच्याने रेघ ओढली तर ती दहा-पंधरा सेकंदांत विरून जायला हवी. आधी कडेची रेघ, ती सुकल्यावर आतली जागा भरायची. आपल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही, मेंदीच्या कोनाची सवय हाताला असतेच. कोनही प्लॅस्टिक कापून तसाच वळायचा. मुंबईच्या दमट हवेत आयसिंग पूर्ण वाळायला रात्र जाऊ द्यावी. घाईत एकावर एक रचले तर रंग एकमेकांत उतरतात आणि मुलांचं तोंड एवढंसं होतं.

एलीझनवर हे काहीच करू नये असं माझं ठाम मत आहे. त्याचा पृष्ठभाग खडबडीत, आतून ओला. रेघ नीट बसत नाही आणि इतक्या सुक्यामेव्यावर आणखी साखर लादायची गरजही नाही. त्याला गडद चॉकलेटचा थर किंवा साखरेच्या पाकाचा पातळ पापुद्रा, वर तीन सोललेले बदाम. नाहीतर नुसतंच. मला नुसतंच आवडतं.

ठेवण्याच्या रीतीही उलट्या आहेत. जिंजरब्रेडला ओलावा लागू द्यायचा नाही. मऊ पडलंच तर आयसिंग करण्याआधी १५० अंशांवर पाच मिनिटं. एलीझनला उलट ओलावा पुरवावा लागतो. हिवाळ्यात हीटरने घरं कोरडी होतात, म्हणून आजी डब्यात सफरचंदाची फोड ठेवतात आणि दर दोन दिवसांनी बदलतात. दोन्ही एकाच डब्यात ठेवले तर लेबकूखनचा ओलावा जिंजरब्रेड पितं: एक वाळतं, दुसरं लिबलिबीत होतं. यंदा मैत्रिणीकडे पार्सल पाठवताना मी दोन पत्र्याचे डबे घेतलेत आणि झाकणांवर मराठीत मोठ्या अक्षरांत नावं लिहिली आहेत.