खिंडसीचा तळ उन्हाळ्यात उतरवून घ्या

मासेमारीसाठी हातातला जीपीएस घ्यायला गेलं की विक्रेता सगळ्यात आधी रंगीत नकाशा दाखवतो. रामटेकजवळचा खिंडसी तलाव त्या नकाशात नुसता निळा डाग असतो. पाण्याखाली काय आहे हे जीपीएसला कळत नाही; पाण्याची खोली मोजायला सोनार, म्हणजे ध्वनिलहरी सोडून तळ शोधणारं यंत्र लागतं आणि ते वेगळं घ्यावं लागतं. जीपीएसचं काम एकच, मागच्या वेळी जिथे मासा लागला तिथे परत नेणं.

जुने ढिवर, म्हणजे इथले मासेमार, हे यंत्राशिवाय करतात. टेकडीचं टोक आणि काठावरचं झाड एका रेषेत धरायचं, दुसऱ्या बाजूला अशीच दुसरी जोडी. दोन रेषा छेदतात ती जागा. जीपीएसचं गणित याच नात्यातलं, फक्त रेषांऐवजी तिथे अंतरं असतात आणि खुणा म्हणजे सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह. संदेशाला लागलेला वेळ गुणिले प्रकाशाचा वेग, की झालं अंतर. तीन अंतरांत जागा सापडायला हवी. पण यंत्रातलं घड्याळ साधं असतं, आणि एका मायक्रोसेकंदाची चूकसुद्धा ३०० मीटरला पडते. ती काढायला चौथा उपग्रह लागतो.

तलावावर ना इमारती, ना डोक्यावर झाडी. तिथे साधं यंत्रही बहुतेक वेळा तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर असतं. दोन फ्रिक्वेन्सींवर चालणारं महागडं मॉडेल आयनोस्फिअरमुळे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे, संदेशाला होणारा उशीर काढून टाकतं. मध्य भारतावर हा थर दुपारी चांगलाच दाट असतो, त्यामुळे तो फायदा खोटा नाही. पण वीस मीटरवर गळ फेकणाऱ्याला दोन मीटरचं काय सोयरसुतक? मी तरी ते पैसे वाचवीन. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने विमानांसाठी उभारलेली ‘गगन’ यंत्रणा जीपीएसच्या चुकांच्या दुरुस्त्या उपग्रहावरून पाठवते; त्या यंत्र घेतं का, एवढं विचारा.

खरी कमाई उन्हाळ्यात होते. पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे बुंधे, जुन्या नाल्याचा काठ उघडे पडतात. मासा पावसाळ्यानंतर अशाच आडोशाला असतो. ऊन चढण्याआधी चालत जाऊन प्रत्येक जागेचा वेपॉइंट घ्या, म्हणजे ती जागा यंत्रात साठवा. डोंगा वाहत राहतो, जमिनीवर मात्र स्थिर उभं राहून सरासरी काढता येते. ती सलग दोन मिनिटांची नको. तास-दीड तासाने पुन्हा तिथेच वाचन घ्या, तोवर उपग्रह सरकलेले असतात आणि चुकाही बदललेल्या असतात.

मग ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, सुरू करून पाण्याच्या काठाकाठाने चाला. हा काठ म्हणजे पाण्याने स्वतः आखलेली एकाच उंचीची रेषा. त्या दिवशीची धरणाची पातळी वहीत लिहून ठेवा. ऑक्टोबरात पातळी चार मीटर वर असेल, तर त्या सगळ्या रेषेवर चार मीटर पाणी आहे. मार्च, एप्रिल, मे असं तीनदा चाललात तर तीन रेषा हातात येतात, सोनारशिवाय खोलीचा कच्चा नकाशा तयार. पावसात येणाऱ्या गाळाची थोडी तूट धरायची. यंत्र दाखवतं त्या उंचीवरून मात्र खोली काढू नका. उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते.

या कामाला बटणांचं यंत्र बरं, ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. पेन्सिल सेल बदलता यावेत. इलेक्ट्रॉनिक होकायंत्र हवंच, कारण थांबलेल्या डोंग्यात नुसत्या जीपीएसला तुमचं तोंड कुठे आहे हे समजत नाही आणि बाण भरकटतो. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. तरंगेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. दोरी बांधा.

उपग्रहावरून मेसेज पाठवणारं मॉडेल परदेशातून मागवू नका, परवानगीशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे. मासेमारीचा ठेका असलेल्या तलावावर आधी मच्छीमार संस्थेला विचारा, आणि तोतलाडोहाचा विचारच सोडा. ते पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे आणि तिथे मासेमारीला बंदी आहे.

मित्राकडून जागा घेताना अक्षांश कोणत्या पद्धतीत लिहिलाय ते बघा. २१.१५ अंश म्हणजे २१ अंश ९ मिनिटं. ते २१ अंश १५ मिनिटं असं भरलंत तर अकरा किलोमीटर उत्तरेला जाल.